पायाखालचा ब्रेक

नर्सने सुई जवळ आणताच तिने हात मागे ओढून चादरीखाली घेतला. आधी तपासणी, मगच औषध. तोवर एक थेंबही आत जाणार नाही, असं तिने बजावलं.

कॅन्सरवरच्या याच औषधाने तिची थोरली बहीण गेली होती. पहिल्याच डोसनंतर तोंड सोलवटलं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी संपल्या आणि बघता बघता सगळं आटोपलं. भाऊजी मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच सांगत आले होते: डोस सगळ्यांना तोच देतात, हिनेच धीर सोडला. ते ऐकलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. हे औषध निकामी करणारा घटक काहींच्या अंगात जन्मतःच कमी असतो आणि मग तेच औषध साचून विष होतं, हे तिला पुढे कळलं होतं.

डॉक्टर वैतागले. असं क्वचितच घडतं आणि उपचार लांबवणं म्हणजे जिवाशी खेळ, असं त्यांनी परोपरीने सांगून पाहिलं.

"मी गाडी शिकवते, डॉक्टर. स्टिअरिंग शिकणाऱ्याच्या हातात असतं, पण एक ब्रेक माझ्या पायाखाली असतो. त्यावरचा पाय मी काढत नाही."

शेवटी डॉक्टरांनी हात टेकले आणि रक्त तपासणीला गेलं.

पुढच्या आठवड्यात निकाल आला. दोष नव्हता, पूर्ण डोस चालणार होता. हायसं वाटायचं सोडून तिला रडूच फुटलं. सोबत आलेल्या भाऊजींनी मान हलवली.

"बघ, रक्तात काहीच नव्हतं. तिने धीरच सोडला."

"माझ्या रक्तात नाही, भाऊजी. एका आईच्या पोटच्या असलो म्हणून सगळं सारखं वाटून येत नाही."

ते बरोबर आहे, असं डॉक्टरही म्हणाले. पण त्या बाई आता नाहीत, तपासायचं कोणाला?

इतका वेळ दाराशी मावशीची पिशवी धरून उभी असलेली भाची पुढे आली. पिशवी खाली ठेवून ती शेजारच्या खुर्चीत बसली आणि बाही वर सारू लागली.

"तुला काय धाड भरलीय?" भाऊजी म्हणाले.

"मला काही नाही झालं, बाबा. पण आईचं काहीतरी माझ्यात असेलच ना."

दोष निघेलच असं नाही, डॉक्टर म्हणाले. पोरीने हात तसाच ठेवला.

मावशीने डोळे पुसले, चादर बाजूला केली आणि आपलाही हात नर्सपुढे धरला.

"आता लावा सलाईन," ती म्हणाली. "पण आधी तिचं रक्त घ्या."