बावीस कवितांवर मागवलेले अभिप्राय

आमच्या ह्यांनी चौतीस वर्षं केंद्र सरकारच्या फायली लिहिल्या आणि निवृत्तीला दोन महिने उरले असताना कवितांचं पुस्तक काढायचं ठरवलं. बावीस कविता. माणूस म्हणून आपण किती कच्चे असतो, कसे बदलतो, असा काहीतरी विषय. कवीने कविता सरळ छापाव्यात की नाही? पण सुखदेव नाव आहे ह्यांचं! चार प्रती काढल्या, वर पत्र जोडलं: 'शुक्रवारपर्यंत अभिप्राय न आल्यास सहमती गृहीत धरली जाईल.' एक प्रत मला दिली आणि जेवणाच्या टेबलावर माझ्याकडून, सख्ख्या बायकोकडून, पोचपावती घेतली.

मला राग आला. मी प्रत कणकेच्या डब्यावर टाकली आणि विसरले. शुक्रवारी संध्याकाळी डाळ लावल्यावर सहज उघडली, तर नववी कविता समोर आली.

'क्वार्टर सोडायचं पत्र आलं.
दोनदा वाचलं, घडी घातली,
आणि बाथरूमचा नळ सोडून रडलो.
मला भीती वाटते.'

कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून गेल्या. तो नळ मी ऐकला होता. दाराबाहेरून ओरडलेसुद्धा होते, "अहो, पाणी काय फुकट येतं का?" दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातल्या ह्या सरकारी क्वार्टरमध्ये पाणी ठरल्या वेळी येतं, बादल्या भरायच्या असतात, मी तरी काय करणार? पण फार वाईट वाटलं. ह्या माणसाने अँजिओग्राफीच्या दिवशीही मला 'रूटीन आहे' एवढंच सांगितलं होतं.

बोलायचं कसं, ह्या विचारात रात्र गेली. शनिवारी सकाळी पाहते तर हे टेबलाशी बसून आलेले अभिप्राय कवितांत घालत होते. मी मागून वाकून पाहिलं.

'क्वार्टर सोडायचं पत्र प्राप्त झालं.
मी गहिवरलो,
आणि नव्या आव्हानाचं स्वागत केलं.'

"हे काय केलंत?"

"ऑफिसातला जयंत म्हणाला, भीती हा शब्द अधिकाऱ्याला शोभत नाही. आव्हान घाल."

"आणि रडणं?"

"नागपूरहून समाधानचा फोन आला. म्हणाला, जय भीम भावजी, पुस्तक छान, पण रडू नका, गहिवरा. लुंबिनीचं म्हणणं, बाबा, थोडं पॉझिटिव्ह ठेवा ना यार."

माझा भाऊ आणि आमची मुलगी, दोघांनी मिळून ह्यांचे डोळे पुसून टाकले होते.

"मला नाही विचारलंत?"

"विचारलं होतं. तुझा अभिप्राय आला नाही, शैला. सहमती गृहीत धरली. अकराला पहाडगंजच्या प्रेसला प्रत पाठवायची, आजच छपाई सुरू होईल."

घड्याळात साडेदहा झाले होते. मी ह्यांच्या हातातलं पेन ओढलं आणि समासात लिहिलं: 'असहमत. कविता क्रमांक नऊ मूळ स्वरूपात ठेवावी. दाराबाहेर ओरडणाऱ्या बाईला आत काय चाललंय ते माहीत नव्हतं. क्वार्टर सोडून फरीदाबादच्या फ्लॅटमध्ये राहायला जायची तिलाही भीती वाटते.' खाली सही केली, तारीख घातली.

ह्यांनी ते दोनदा वाचलं. "तुला कसली भीती?"

"तिथे तुम्ही दिवसभर घरी असाल, त्याची."

हे हसले. मीही हसले, आणि मग खरं काय ते तोंडातून निघून गेलं. इथे जिन्यात कुणाच्या घरी काय शिजतं ते मला वासावरून कळतं. तिथे अकराव्या मजल्यावर मी मेले तरी शेजारी लिफ्टची वाट बघत उभे राहतील. बोलता बोलता नाक वाहायला लागलं. ह्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. चष्मा काढला, पुसला, पण परत घातला नाही.

मग तसाच, नंबर नीट दिसत नसताना, प्रेसवाल्याला फोन लावला.

"भैया, आज मत छापना. एक कविता में अभी दो लोग रो रहे हैं."