चहा संपल्यावरचं उत्तर

आमच्या तालुक्यातला वारा असा, की एकदा एका बाईची टोपी उडाली ती आठवड्याने परत आली, आणि आत कावळीने अंडी घातलेली. पण एवढ्या वाऱ्यातही एक रीत मात्र कधी उडाली नाही. दारात भेट झाली की एकाने विचारायचं, "काय, सगळं ठीक?" आणि दुसऱ्याने म्हणायचं, "ठीक." मेंढ्या मरोत, सून रुसून माहेरी जावो, आधी "ठीक". मग तपकिरीच्या कुप्या एकमेकांच्या हातात द्यायच्या, मीठ घातलेला चहा प्यायचा, आणि वाडगा रिकामा झाला की खरं काय ते सांगायचं. कुणालाही उंबऱ्यातच दुःखाने गाठू नये, म्हणून ही रीत. रीत चांगली आहे. पण मंडळी, तिचा अर्धाच भाग पाळला तर काय होतं, ते ऐका. कदाचित तुमच्याही घरी तो अर्धाच पाळला जात असेल.

दामदिन वयाने बासष्ट. घोड्यांना तापल्या डागणीने मालकीचा डाग देण्यात पाच खोऱ्यांत त्याचा हात धरणारा नव्हता. लोक सांगतात, त्याने एकदा धावत्या शिंगराला डाग दिला आणि शिंगराला ते तिसऱ्या दिवशी कळलं. हा दामदिन जूनमध्ये मांस टाकून नुसता रस्सा पिऊ लागला, तेव्हा मुलगा तुमेन त्याला घेऊन राजधानीतल्या मोठ्या इस्पितळात गेला. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी म्हाताऱ्याला बाहेर बाकावरच ठेवलं आणि तुमेनला आत बोलावलं. आमच्याकडे असंच चालतं, आधी घरच्यांना.

"यकृतात गाठ आहे. कॅन्सरची," डॉक्टर म्हणाले. "एकच आहे, बावीस मिलिमीटर. कातडीतून सुई थेट गाठीत घालायची आणि टोक तापवून गाठ जागच्या जागी भाजून टाकायची. पोट फाडायला नको. पण हे सगळं गाठ तीन सेंटिमीटरच्या आत आहे तोवर. त्यापुढे सुईचा भरवसा कमी होत जातो. दोन आठवड्यांनी घेऊन या."

"बाबांना सांगू नका," तुमेन म्हणाला.

"का?"

"ते घाबरूनच मरतील."

बाहेर बाकावर दामदिन टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. "काय म्हणाला रे?"

"ठीक आहे सगळं. पित्ताशयात खडा आहे. दोन आठवड्यांनी एक सुई टोचतील."

"खडा?" दामदिन उठला, टोपी डोक्यावर ठेवली. "मग राहू दे त्याला बसून. घोड्या दुधावर आहेत, त्या थांबायच्या नाहीत. हंगाम संपला, शिंगरांना डाग देऊन झाले, की बघू. खडा काय घोडा आहे, पळून जायला?"

तुमेन त्याच्या मागून चालू लागला. खड्यासाठी घाई करा, असं कुठल्या तोंडाने सांगणार?

थंडीत बोटं गोठतात तेव्हा दुखत नाहीत, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. तुमेनचं तसंच झालं. तो घोड्या दोहून घेई, दूध चामड्याच्या पिशवीत ओती, घुसळी, कळप मोजी, पुन्हा मोजी. दोन आठवडे उलटले. जुलै गेला. आई यांजमा विचारी, "खडा दुखतोय का रे त्यांचा?" आणि तो म्हणे, "ठीक आहे." शेजारी विचारत, "वडील?" "ठीक." ऑगस्टमध्ये दामदिनचा पट्टा दोन भोकं आत गेला. तुमेनने ते पाहिलं, जसं लांबच्या डोंगरावरचं मेंढरू पाहावं, आणि पुन्हा कळप मोजायला गेला. एकूण सत्तेचाळीस. रोज सत्तेचाळीसच.

सप्टेंबरच्या शेवटी डाग द्यायचा दिवस आला. सुक्या शेणाची शेकोटी पेटली, निळी रेशमी पट्टी बांधलेली डागणी निखाऱ्यात लाल झाली. एकेक शिंगरू धरलं जात होतं, दामदिन डाग देत होता, यांजमा त्यावर शकुनाचं दूध शिंपडत होती. एका करड्या घोड्याने मात्र तीन माणसांना फरफटवलं आणि कुंपणाचा खांब उपटला.

"गेल्या साली शिंगरू असताना हा डागातून सुटला होता," दामदिन धापा टाकत म्हणाला. "तेव्हा एका हाताने धरला असता."

तेवढ्यात तालुक्याच्या दवाखान्याची गाडी येऊन थांबली. डॉक्टरीण खांडमा उतरली. पन्नाशीची, ठेंगणी, गाडीचं दार नेहमी ढुंगणानेच लावणारी.

"काय खांडमाताई, सगळं ठीक?" तुमेनने विचारलं.

"ठीक," ती म्हणाली, आणि त्याच्या बाहीला धरून त्याला गाडीमागे नेलं. "राजधानीहून फोन होता. तुमचा पेशंट जूनपासून आला नाही म्हणतात. कुठला पेशंट, मी विचारलं. तेव्हा कळलं. आता तू सांग."

तुमेनने सांगितलं. आवाज कळप मोजतानाचाच होता. शेवटी म्हणाला, "आपल्यात वाईट तोंडावर सांगत नाहीत, ताई."

"कुणी सांगितलं तुला? दारात सांगत नाहीत. चहा झाल्यावर सांगतातच. तू जूनपासून बापाला दारातच उभं केलंयस."

"त्यांना धक्का बसला असता."

"माझ्या आईला आम्ही असाच खडा सांगितला होता. मी डॉक्टर, आणि मी सांगितला. शेवटच्या महिन्यात ती मला विचारायची, 'खांडमा, खडा एवढा दुखतो का गं? मीच रडकी झालेय का?' मरायची भीती वाटायच्या आधीच तिला स्वतःची लाज वाटू लागली होती. आपण वाचवलं ते काय? आपलाच सांगायचा त्रास." तिने नाक पुसलं. "गाठ तुझ्या यकृतात नाही. ज्याच्या यकृतात आहे, त्याला ठरवू दे की घोड्या आधी का सुई आधी. मी चहा पिऊन होईपर्यंत इथे आहे. सांगितलं नाहीस, तर मी सांगणार."

आत गेरमध्ये, आमच्या नमद्याच्या गोल तंबूत, शेगडीभोवती चौघं बसली. कुप्यांची देवाणघेवाण झाली. खांडमाने चहा फुंकून फुंकून प्यायला, इतका सावकाश, की तेवढ्यात एखादी मेंढी व्यायली असती. मग तिने वाडगा पालथा ठेवला.

"बाबा," तुमेन म्हणाला, "खडा नाही तो. कॅन्सरची गाठ आहे. यकृतात."

शेगडीत शेणाचा एक तुकडा फुटला. यांजमा चहा ओततच राहिली, वाडगा भरून चटईवर सांडेपर्यंत.

"केवढी?" दामदिनने विचारलं.

"बावीस मिलिमीटर. बोटाच्या पेराएवढी. सुईने भाजून टाकतात. तापवून."

"बावीस कधी?"

"जूनमध्ये."

दामदिनने दाराकडे पाहिलं. बाहेर तो करडा अजून खिंकाळत होता. "म्हणजे तेव्हा शिंगरू होतं," तो म्हणाला. "आणि तू मला उन्हाळाभर घोड्या राखत बसू दिलंस."

"मला वाटलं, तुम्ही घाबरून मराल."

"अरे, मग घाबरायला तरी वेळ द्यायचास." तो उठला आणि खुंटीवरची चांगली टोपी काढली. "खांडमाबाई, तुमच्या गाडीत जागा आहे का?"

गाठ एकोणतीस मिलिमीटर निघाली. एक मिलिमीटर इकडे की तिकडे, हे काय माणसाचं आयुष्य मोजायचं माप झालं! पण सुई पुरली. सुई घालायच्या आधी टेबलावर पडल्या पडल्या दामदिनने डॉक्टरांना विचारलं, "डागणी कसल्या शेणावर तापवता?"

"शेण नाही आजोबा, विजेवर."

"तरीच वास नाही," दामदिन म्हणाला आणि औषधाने झोपला. पंधरा मिनिटांचं काम. महिन्याने पुन्हा तपासलं, गाठीच्या जागी मेलेला काळा डाग. डॉक्टरांनी तेही सांगितलं, या वेळी बाकावर बसलेल्यालाच सांगितलं: "ही गेली. पण यकृत तेच आहे, नवी येऊ शकते. दर तीन महिन्यांनी यायचं. आणि तुमचा हा आजार 'बी' जातीच्या काविळीतून आलाय, ती घरात एकाकडून दुसऱ्याकडे जाते, तेव्हा घरच्या सगळ्यांचं रक्त तपासा."

आता दामदिन पाच खोऱ्यांत सांगत फिरतो, की त्याला आतून डाग दिलाय, रात्री पोट जरा उजळतं आणि दिव्याचं तेल वाचतं. कुणी सदरा वर करायला लावलं की बरगडीखाली तिळाएवढी खूण दिसते.

यांजमाचं रक्त चांगलं निघालं. तुमेनचा निकाल आणायला तो एकटाच गेला होता. परत आला तेव्हा आईने दारातच विचारलं, "काय रे, सगळं ठीक?"

"ठीक," तुमेन म्हणाला, आणि बसला.

चहा आला. त्याने तो चव न घेताच प्यायला. दामदिन वाडग्याच्या तळाकडेच बघत होता. तळ दिसला.

"मलाही ती कावीळ आहे," तुमेन म्हणाला. "गाठ नाही. रोज एक गोळी, आणि सहा महिन्यांनी सोनोग्राफी." बोलता बोलता त्याची बोटं दुखायला लागली, गोठलेल्या बोटांत जीव परत येताना दुखतात तशी. त्याने ती मांडीखाली दाबून धरली.

"बरं," दामदिन म्हणाला. "मग गोळ्या तुझ्या आणि तपासण्या माझ्या एकाच खेपेला उरकत जाऊ. यांजमा, ओत गं अजून."

तर मंडळी, दारात खुशाल "ठीक" म्हणा. पण चहा संपू द्या, आणि संपल्यावर खरं सांगा, ज्याच्या देहातलं आहे त्याला सगळ्यांत आधी. गाठ आपल्या गप्प बसण्याने थांबत नाही. लहान आहे तोवर ती सुईने मरते. आणि ती लहान आहे की नाही, हे तपासल्याशिवाय आणि सांगितल्याशिवाय कुणाला कळत नाही. तुमचा चहा संपला असेल, तर उठा आता.