गुरुवारचा डबा

आई पालिकेत अन्ननिरीक्षक होती. तेहतीस वर्षं तिने लोकांची स्वयंपाकघरं तपासली. त्यामुळे शहरात कुठे चांगलं खायला मिळतं, हे विचारायला नात्यातले, शेजारचे, ओळखीचे, ओळखीच्यांच्या ओळखीचे सगळे तिच्याकडे येत. "नुसतं नाव सांगा," म्हणत. आई नाव सांगायच्या आधी उपदेश करायची. "पुढच्या दाराने गिऱ्हाईक जातं. खानावळ कळते ती मागच्या दाराने. आधी मागे जाऊन मोरी बघा, मग पुढे येऊन बसा." मोरी बघायला कोण जातं? लोक हसायचे आणि पुन्हा नाव विचारायचे. फारच गळ घातली, की आई पाच नावं सांगायची. पाचच. तेहतीस वर्षांत त्यांची सहा झाली नाहीत.

त्यातल्या चार ठिकाणी ती जेवलेली होती. पोस्टाच्या गल्लीतली मासे भाजणारी बाई, कोर्टासमोरची न्याहारीची खोली, दोघी बहिणींचं पावाचं दुकान, आणि बस आगारातलं उपाहारगृह, ज्याच्या नावाला सगळे नाक मुरडत. पाचवी खानावळ कापडबाजारामागची. तिथे ती कधी जेवली नव्हती. कारण तिचा नियम होता: ज्या विभागाची तपासणी आपल्याकडे, तिथे पाणीसुद्धा प्यायचं नाही. स्वतःची बाटली पिशवीत. बदली झाली, विभाग सुटला, की मगच त्या विभागातल्या आवडत्या जागी जायचं. कापडबाजार हा तिचा शेवटचा विभाग. अकरा वर्षं तिने त्या खानावळीच्या सुपात तापमापक बुडवला, वास घेतला, आणि सही करून निघून आली. "निवृत्त झाले की दुसऱ्या दिवशी पुढच्या दाराने जाणार," म्हणायची. "टेबलावर बसून मागवणार. कसं झालंय विचारलं तर दहा मिनिटं बोलणार."

निवृत्त झाली आणि दुसऱ्याच दिवशी तिचे तपासणीचे अहवाल आले. तिचे स्वतःचे. मग टेबल राहिलं, पलंग आला.

आता आईला जाऊन पाच आठवडे झाले होते आणि तिची लेक त्या खानावळीच्या मागच्या दारात रिकामा डबा हातात धरून उभी होती.

डबा खानावळीचाच होता. कडीचा, तळाला थोडा चेपलेला. आजारपणात दर गुरुवारी दुपारी नर्सबाई यायच्या, दोन ते पाच. तेवढ्या वेळात ती दोन बस बदलून इथे यायची, खानावळ चालवणाऱ्या काकांना रिकामा डबा द्यायची, भरलेला घ्यायची, पुन्हा दोन बस. आईने दुसरं काही मागितलंच नाही. औषधांनी तोंडाची चव गेली होती, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण गुरुवार आला की आई सकाळपासून म्हणायची, "आज सूप ना?" भाऊ परदेशातून फोनवर सांगायचा, "तिला हवं ते आणून दे, पैशाकडे बघू नकोस." उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? पैशाकडे कोण बघत होतं! ती घड्याळाकडे बघत होती. सहा दिवसांचं जागरण अंगात साठलेलं असायचं, आणि सातव्या दिवशी ही वारेमाप लांब वाट.

एकूण एकोणीस गुरुवार झाले. त्यातले चार तिने चुकवले.

चुकवले म्हणजे, घरून डबा घेऊन निघाली. बसथांब्यावर बसली. बस आली, थांबली, गेली. दुसरी आली, गेली. उठणं जिवावर आलं. दोन तास ती नुसती बसून राहिली, बहुतेक झोपलीही. मग इमारतीखालच्या दुकानातून सूप घेतलं, डब्यात ओतलं. जिन्यात आठवलं, की खानावळीच्या डब्यावर तारीख-वेळेची कागदी पट्टी असते. ती सवय आईनेच त्यांना नोटीस देऊन लावली होती. मागे फिरून दुकानदाराचं पेन मागितलं आणि पट्टी लिहून चिकटवली. ग्रंथालयात वीस वर्षं पुस्तकांना क्रमांक चिकटवणारा हात. पट्टी अगदी सरळ बसली.

आई सूप प्यायली. "काका काय म्हणाले?" तिने विचारलं. हे ती दर गुरुवारी विचारायची. आता न गेलेल्या ठिकाणची बातमी काय सांगायची? लेकीच्या तोंडून निघून गेलं, "त्यांनी मांजर पाळलंय."

आईचा चमचा थांबला. "मांजर? स्वयंपाकघरात?"

"नाही नाही. बाहेर. मागच्या पायरीवर."

"पायरीच्या खाली की वर?"

"खाली."

"मग ठीक आहे," आई म्हणाली आणि पुन्हा चमचा उचलला.

चौथ्यांदा चुकवलेला गुरुवार हा शेवटचा निघाला. त्या दिवशी आईने जेमतेम चार चमचे घेतले आणि म्हणाली, "काकांना सांग, आजच्यासारखं सूप कधी झालं नव्हतं." सोमवारी ती गेली.

हा निरोप पाच आठवडे तिच्या घशात अडकून होता. कुणाचा निरोप, कुणाला द्यायचा? आईला आयुष्यात एका खानावळीचं खायचं होतं, आणि शेवटचा घास तिने पोटच्या मुलीच्या हातून खोटा खाल्ला. भावाला हे सांगता आलं नाही. तो म्हणाला, "डबाच आहे ना, कुरिअरने पाठवून दे." तिने पाठवला नाही. हे तोंडाने सांगायला हवं होतं, आणि ज्याच्या नावाने खोटं बोललो त्यालाच सांगायला हवं होतं. बसमध्ये तिने वाक्य घोकलं होतं: काका, चार गुरुवार मी आलेच नव्हते.

दार उघडंच होतं. आत काका पाठमोरे, मोठ्या पातेल्यात पळी फिरवत. साठीचे, रुंद, केसांवर पांढरी टोपी घट्ट बसवलेली. ती टोपीही आईच्या नोटिशीतूनच आलेली. गल्ल्यावर बसणाऱ्या काकू ताटं पुसायला आत आल्या होत्या. त्यांनी आधी पाहिलं.

"अहो, वळा. मॅडमची मुलगी आलीय."

काका वळले. त्यांनी गॅस बारीक केला, हात धुतले, पुसले, मग पुढे आले. या स्वयंपाकघरात सगळं त्याच क्रमाने व्हायचं. "मॅडम गेल्याचं नर्सबाईंनी कळवलं," ते म्हणाले. तिने डबा पुढे केला.

"काका, एक सांगायचं होतं."

"सांगा की. पण आत या, बसून सांगा."

हे "बसा" ते दर गुरुवारी म्हणायचे. "ताई, पाच मिनिटं बसा, दोन घास खाऊन जा," आणि ती दर गुरुवारी "नको, घाई आहे" म्हणून उंबऱ्यावरूनच परत फिरायची.

"उभ्यानेच सांगते," ती म्हणाली. "चार गुरुवार मी आलेच नव्हते. खालच्या दुकानातलं सूप आईला तुमचं म्हणून दिलं. शेवटच्या गुरुवारीही."

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी हातातलं ताट खाली ठेवलं.

"ते माहीत आहे आम्हाला," काका म्हणाले.

"म्हणजे, मी आले नाही हे तुम्हाला माहीत असणारच. पण मी आईला..."

"मॅडमनाही माहीत होतं."

मागे पातेल्यात बुडबुडे फुटत होते. तिला पहिल्यांदा वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"पहिल्या वेळी तुम्ही आला नाहीत," काका सांगू लागले, "तर मी डबा भरून ठेवला होता. चार वाजले, पाच वाजले. मला काळजी वाटली. मॅडमचं काही झालं की काय? फोन केला. त्यांनीच उचलला. म्हणाल्या, मुलगी आत्ताच आली, सूप गरम करतेय. मी म्हटलं, मॅडम, इथून तर नेलं नाही. मग म्हणाल्या, 'असू दे. दमली असेल. तिला काही बोलू नका.' आणि हसायला लागल्या. 'पट्टी चिकटवलीय हो तिने,' म्हणाल्या. 'तुमच्यापेक्षा अक्षर बरं आहे.'"

"आणि मांजर!" काकूंना राहवलं नाही. "ते सांगा ना. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन. मीच घेतला. म्हणाल्या, 'तुमच्याकडे माझ्या मुलीने मांजर पाळलंय. मी त्याला पायरीखाली ठेवायला सांगितलंय, लक्ष असू द्या.' मला आधी काही कळेचना. इथे पाल फिरकली तर हे आठवडाभर जेवत नाहीत, मांजर कुठलं आणता?"

तिला हसू आलं. ते आलंय हे कळेपर्यंत डोळे भरून आले होते, आणि तिला दोन्हींची सारखीच लाज वाटली.

"पुढच्या वेळी त्यांचा आधीच फोन आला," काका म्हणाले. "'आज ती येणार नाही, डबा भरू नका, वाया जाईल.' मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? तर म्हणाल्या, 'घरातल्या चपला घालून गेलीय. दोन बस बदलायला माणूस घरातल्या चपला घालत नाही.'"

तिने खाली पाहिलं. आज पायात बूट होते.

"पण मग ती मागवायची कशाला?" तिचा आवाज चढला. तो कुणावर चढला, हे तिलाही कळलं नाही. "चव लागत नव्हती तिला. जाऊन येऊन तीन तास लागायचे. मला वाटायचं, तिचा एवढा जीव अडकलाय त्यात, म्हणून..."

काकांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "तेही विचारलं होतं मी. ताई, रागावू नका. त्या म्हणाल्या, 'सूप माझ्यासाठी नाही. आजारी माणसाशेजारी बसून माझी पोरगी वाळत चाललीय. जा म्हटलं तर घराबाहेर पडणार नाही. माझ्यासाठी म्हटलं की जाते. गुरुवारचे तीन तास तरी माझं तोंड बघायला नको तिला.' आणि म्हणायच्या, 'आली की बसवा. खायला घाला. तुमच्याकडचं खाल्लेलं अंगी लागतं, ते मी मागून बघितलंय.' मी दर वेळी सांगायचो, बसा. तुम्ही कधी बसलात?"

जो दिवस तिला आठवड्याचा सगळ्यात मोठा बोजा वाटत होता, तो आईने तिला सुट्टी म्हणून दिला होता. दोघी एकमेकींसाठी राबत होत्या आणि दोघींनाही ते भोवलं होतं. तोंड उघडून एकदा विचारलं असतं तर! पण त्या घरात विचारायची पद्धत नव्हती, तपासायची होती.

"शेवटच्या गुरुवारी?" तिने विचारलं.

"फोन नर्सबाईंनी लावून दिला. आवाज फार बारीक झाला होता. म्हणाल्या, आज येणार नाही ती. बसली असेल कुठेतरी. बसू दे."

बाहेर कुणीतरी टेबलावर पेला आपटून पाणी मागितलं. काकू "आले, आले" म्हणत गेल्या. काकांनी तिच्या हातातून डबा घेतला, उघडून आत पाहिलं, वास घेतला, आणि धुवायच्या भांड्यांत ठेवला, तो स्वच्छ असूनही.

"पुढून या आता," ते म्हणाले. "मागून आलात तेवढं पुरे."

ती वळसा घालून गेली. वळसा लांब होता. कापडाचे गठ्ठे, हातगाड्या, एक बंद शटर. एकोणीस आठवड्यांत पंधरा वेळा ती इथवर आली होती आणि खानावळीचा दर्शनी भाग तिने पाहिला नव्हता. साधाच होता. आठ टेबलं, भिंतीला फिका हिरवा रंग. काकूंनी तिला आतल्या खिडकीसमोरचं टेबल दिलं. तिथून स्वयंपाकघर सरळ दिसत होतं: पातेलं, मोरी, काकांची पाठ. हे टेबल आईने कधी निवडून ठेवलं होतं का, असं तिने विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

सूप आलं, पाव आला. तिने पहिला चमचा घेतला. आता काहीतरी उलगडेल, अकरा वर्षं वास घेऊन थांबण्यासारखं यात काय होतं ते कळेल, असं तिला वाटलं. तसं काही झालं नाही. चांगलं होतं, गरम होतं. खालच्या दुकानातल्यापेक्षा दाट. पण आज तिच्याही तोंडाला चव नव्हती. तिने निमूट खाल्लं, वाडगा रिकामा होईपर्यंत. पाच आठवड्यांत बसून खाल्लेलं हे पहिलंच जेवण.

काका खिडकीतून वाकले. "कसं झालंय?"

खोटं बोलणं सोपं होतं. निरोपही तयार होता. आजच्यासारखं कधी झालं नव्हतं.

"मीठ जरा कमी आहे," ती म्हणाली.

मग त्यांनी पळीने चाखून पाहिलं, मान हलवली आणि चिमूटभर मीठ टाकलं. "अकरा वर्षं मॅडमनी नुसतं तापमान सांगितलं," ते म्हणाले. "हे त्यांच्याकडून ऐकायचं राहिलं होतं."

तिने पैसे काढले, काकूंनी घेतले. आईच्या मुलीकडून न घेण्याची हिंमत त्या खानावळीत कुणाची नव्हती. पुढच्या दारातून रस्ता दिसत होता, पार टोकाला थांबा दिसत होता. तिची बस आली, थांबली.

"ताई, तुमची बस," काकू म्हणाल्या.

"जाऊ दे," ती म्हणाली. "बसते थोडा वेळ."