ताटात मांडलेले देव

रविवारी सकाळी खंडोबाच्या देवळापुढं दूध संस्थेचे सगळे सभासद जमले, तेव्हा सत्यभामेच्या जिवाला एकच घोर लागला होता. तिची गाय बाळी गाभण होती, दिवस भरत आले होते. संध्याकाळी ती छावणीत असेल की नसेल, हे आता सत्यभामेच्या तोंडून काय निघतं यावर होतं.

छावणी दूध संस्थेची. सलग दुसऱ्या वर्षी पावसानं पाठ फिरवली, तशी संस्थेनं पालीच्या रस्त्याला माळावर जनावरांसाठी मांडव घातले. सभासदांच्या जनावरांना तिथं उसाच्या शेंड्याचं हिरवं वाढं मिळे, पेंड मिळे, टँकरचं पाणी मिळे. छावणीबाहेर होती नुसती धसकटं आणि फुफाटा. तिथून जनावर बाहेर निघालं की ते बाजाराच्या वाटेला लागतं, हे शेंबडं पोरसुद्धा सांगू शकलं असतं. आणि त्याच छावणीतली पेंडीची पोती नाहीशी होऊ लागली होती.

चेअरमन मोहनरावांची निवडणूक तोंडावर आलेली. पोलिसांत जावं तर गावभर बोभाटा. म्हणून त्यांनी वाडवडिलांचा उपाय काढला. प्रत्येकानं खंडोबापुढं बेलभंडार उचलायचा. तळहातावर बेलाचं पान, पानावर हळदीचा भंडार, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, "पेंड म्या घेतली न्हाई, आन घेणारा मला ठावं न्हाई." खोटं बोलणाऱ्याच्या गोठ्यातलं दावं रिकामं होतं, अशी तिथली श्रद्धा. जो उचलणार नाही तो चोर, आणि त्याची जनावरं छावणीबाहेर.

सत्यभामा पेंडीच्या वाटेलाही गेली नव्हती. पण तिनं घेणारी पाहिली होती. आदल्या दिवशी पहाटे ती बाळीजवळ बसली होती, तेव्हा शेजारची बायनाबाई पेंडीचं अर्धं पोतं पदराखाली लपवून मांडवामागून निघाली. बायनाबाईची म्हैस वाढ्याला तोंड लावत नव्हती, तिच्या बरगड्या लांबून मोजता आल्या असत्या. दोघींची नजरानजर झाली. बायनाबाई पोतं सावरत झपाझपा निघून गेली.

आणि आता तीच बायनाबाई पायरीवर उभी राहून, पिवळा तळहात पुढं करून, फाटक्या आवाजात म्हणाली, "घेणारा मला ठावं न्हाई." खाली उतरताना ती पायरी चुकली. बाकीच्यांना वाटलं, उन्हानं.

"सत्यभामाबाई, या," मोहनराव म्हणाले.

सत्यभामा पुढं गेली, पण हात पदराखालीच ठेवला. "मी शपथ घेत न्हाई, चेअरमनसायेब."

गर्दीत हशा पिकला. हसणारच. या बाईला गाव कितीतरी वर्षं हसत आलं होतं. गुरुवारी ही दर्ग्याचं अंगण झाडायची. पौर्णिमेला बीडच्या विहारात मागच्या सतरंजीवर डोळे मिटून बसायची. मधे दोन वर्षं महानुभावांच्या मठातल्या म्हाताऱ्या माईंच्या मागं फिरत होती. नाताळात मिशनच्या दवाखान्यातल्या एका जुन्या नर्सबाईला भेटायला जायची. "हिला एक देव पुरत न्हाई," असं गाव म्हणे. ती कशासाठी फिरते, हे मात्र कुणी कधी विचारलं नाही.

तिची लेक तापानं अंथरुणाला खिळली होती, तेव्हा जो येई तो शपथेवर सांगे. देवऋषी शपथेवर म्हणाला, पोर उठून बसंल. नात्यातल्यांनी गळ्याची शपथ घातली, असलं तसलं मनात आणू नको म्हणून. इतक्या शपथांच्या आधारानं सत्यभामा थांबली, आणि दवाखान्यात जाईपर्यंत फार उशीर झाला. तिथली नर्सबाई तेवढी तिच्याजवळ बसली आणि म्हणाली, "वाचेल असं मला वाटत नाही. तिचा हात धरून बसा." तो हात तिला शेवटपर्यंत धरता आला. त्या बाईचे उपकार सत्यभामा कधी विसरली नाही.

त्यानंतर तिनं कोणत्याच देवाकडं काही मागितलं नाही, पण दारं सगळ्यांची पाहिली. जिथं पटलं तिथून घेतलं, नाही पटलं ते नमस्कार करून ठेवून दिलं. दर्ग्यातल्या मुजावरांकडून आल्यागेल्याला आधी पाणी द्यायला शिकली, विहारात मन उधळलं की श्वासाकडं बघायला. माईंनी तिला मुंगीचीही कीव करायला लावली. या सगळ्यातून तिची स्वतःची एक पूजा तयार झाली होती. रोज पहाटे बाळीच्या पाठीवर हात ठेवायचा आणि एक खरी गोष्ट मोठ्यानं बोलायची. 'आज मला सासूचा राग आला.' 'आज लेकीची आठवण न्हाई आली, त्याचंच वाईट वाटलं.' बस्स, एवढंच. शपथ मात्र कुणाच्याही नावानं कधी घ्यायची नाही, हे तिनं मनाशी धरलं होतं. लोकांना ही पूजा कळली असती तर त्यांनी तिला खुळ्यातच काढलं असतं.

"कावून घेत न्हाई?" मोहनरावांनी विचारलं. "खंडोबा चालत न्हाई का तुमाला?"

"खंडोबाला माझा नमस्कार हाय. शपथ न्हाई."

छावणीत पेंड कालवणारा सटवा तोंडाचा फाटका. तो मागून म्हणाला, "चेअरमन, हिचे देव लई हायत. एकट्या खंडोबावर कसं भागंल? सगळेच आणून मांडा की."

तो थट्टेत बोलला, पण मोहनरावांना ते पटलं. पटलं म्हणजे अगदी मनापासून. माणूस वाईट नव्हता, त्याला फक्त निकाल हवा होता. जिची श्रद्धा चार ठिकाणी वाटलेली, तिची शपथही चार ठिकाणची हवी, असा त्यांनी सरळ हिशेब केला. मोटारसायकली पिटाळल्या. लोक लिंबाच्या सावलीत बसले. माळावरून जनावरांचं हंबरणं ऐकू येत होतं, आणि त्यातलं बाळीचं कोणतं हे सत्यभामेला कळत होतं. तिनं श्वासाकडं बघायचा प्रयत्न केला. श्वास काही केल्या जागेवर येईना.

उन्हं डोक्यावर यायच्या आत ताट तयार झालं. मधे बेलभंडार. एका बाजूला दर्ग्यावरच्या चादरीचा हिरवा तुकडा, दुसऱ्या बाजूला कुणाच्या तरी घरातली बुद्धाची तसबीर, शेजारी मठातली गीता. क्रूस मिळाला नाही, म्हणून कुणीतरी पुठ्ठ्यावर खडूनं काढून आणला होता. गाव मान उंच करून ताटाकडं बघत होतं.

"घ्या," मोहनराव म्हणाले. "आता तर तुमचेच सगळे हायत. ह्यातल्या कशावरबी हात ठेवा आन मोकळ्या व्हा."

सत्यभामेनं ताटाकडं पाहिलं आणि तिला रडूच आलं. ज्या-ज्या दारातून ती काही घेऊन आली होती, ती सगळी दारं आज तिला कोंडायला आली होती. हात ठेवला, ते वाक्य म्हटलं, की बाळी वाचणार होती. वाक्यातलं पहिलं खरं होतं, दुसरं खोटं. आणि नुसतं 'शपथ घेत न्हाई' म्हणून ती गप्प बसली, तर तेही खोट्याच्या आडोशाला दडणंच होतं. तसं दडून तिला उद्या पहाटे बाळीच्या पाठीवर हात ठेवता आला नसता.

गर्दीच्या कडेला बायनाबाई उभी होती. तिनं पिवळा तळहात लुगड्याला पुसून पुसून लाल केला होता.

"हात न्हाई ठेवत," सत्यभामा म्हणाली. "नुसतं विचारा. सांगते."

मोहनराव वैतागले. "बरं. पेंड तुमी घेतली?"

"न्हाई."

"कुणी घेतली ते ठावं हाय?"

इथं ती अडखळली. "हाय," ती म्हणाली. "पण नाव सांगणार न्हाई."

कुणी हसलं नाही. सटवाही नाही. 'हिला खरंच ठावं असंल कशावरून?' असं एकानंही विचारलं नाही. ताट मधे तसंच पडलेलं, आणि तिचा तो एक शब्द बिनशपथेचा साऱ्या गावानं खरा धरला होता. मोहनरावांच्याही हे ध्यानात आलं असावं.

"मग मला नियम मोडता येत न्हाई," अखेर ते म्हणाले. आवाज उतरला होता. "गाय सोडून न्या, बाई."

सत्यभामेनं ताटातला चादरीचा तुकडा नीट घडी घालून सटवाच्या हातात दिला, तसबीर पालथी पडली होती ती सरळ केली, आणि छावणीकडं निघाली. तिनं बाळीचं दावं सोडलं. खरं बोलल्याचं समाधान वगैरे तिला काही वाटत नव्हतं. भीती वाटत होती आणि बायनाबाईचा राग येत होता, पोटातून येत होता. तिनं बाळीच्या पाठीवर हात ठेवला आणि तो राग तसाच बोलून टाकला. मग दोघी पालीच्या रस्त्याला लागल्या. पालीच्या धरणाच्या पोटात कुठं डबकं उरलं असेल, एवढाच विचार होता.

ओढ्याच्या पुलापाशी मागून हाक आली. "अक्का, थांब."

बायनाबाई होती. अनवाणी, हातात म्हशीचं दावं. म्हैस चार पावलं टाकून उभी राहत होती.

"सांगून आले मी," ती धापा टाकत म्हणाली. "सगळ्यांम्होरं. तुला परत बोलावलंय चेअरमननं. बाळीची जागा हाय म्हणाले. मला काढलं."

बायनाबाई तिथंच धुळीत बसली आणि तिनं आपला तळहात उघडून समोर धरला. रेषांमधली हळद अजून गेली नव्हती.

"भंडार उचलून खोटं बोलले, अक्का. आता खंडोबा माझी म्हस नेईल." ती रडत होती. "तू इतक्या देवांच्या दारात गेलीस. एक तरी असंल ना त्यात, खोट्या शपथेला माफ करणारा? त्याचं नाव सांग. मी आत्ता जाते."

हो म्हणणं किती सोपं होतं. तिच्या लेकीच्या अंथरुणाशी बसून लोकांनी असंच तर हो हो म्हटलं होतं. सत्यभामा बाळीला घेऊन तिच्याजवळ आली आणि खाली बसली.

"देवांचं मला ठावं न्हाई, बायना," ती म्हणाली. "मघाशी लई राग आलता तुझा. आता न्हाई. माझ्याकडून माफ हाय."

बायनाबाईनं तिच्याकडं पाहिलं. तिला याहून मोठं काहीतरी हवं होतं, आणि ते सत्यभामेजवळ नव्हतं. तिनं बायनाबाईचा पिवळा हात हातात घेतला आणि धरून बसली. थोड्या वेळानं उठून तिनं बाळीचं तोंड छावणीकडं वळवलं, आणि दुसऱ्या हातानं म्हशीचं दावं धरलं.

"चल," ती म्हणाली. "बाळीच्या वाट्याचं दोघींना घालू. न्हाई म्हणाले, तर दोघींना घेऊन परत निघू."