नळीखालची जागा

सूर्यमाळचा वारा भारी आगाऊ. एकदा म्हणे त्यानं कोंबड्याची बांग उचलली नि खाली पोशेऱ्यात नेऊन टाकली, तर तिथली माणसं डोक्यावर चांदणं असतानाच शेतावर निघाली. असल्या वाऱ्यात नवशीची पोर प्रतिक्षा बेचकीनं जांभळाचा देठ तोडायची, नि जांभळाला ओरखडा नाही. कोणी म्हणेल थापा. म्हणू द्या. ती जांभळं खाल्लेले अजून जिवंत आहेत.

तर ही पोर आश्रमशाळेतून जव्हारच्या नेमबाजीच्या क्लबात गेली. तिथल्या कमलेश सरांनी तिच्या हातात छर्ऱ्याची रायफल दिली. दहा मीटरवर टिकलीच्याही टिकलीएवढा ठिपका. पोरगी तो ठिपका कोंबडी दाणे टिपते तसा टिपायला लागली. दिवाळीनंतर मुंबईला राज्याची स्पर्धा होती. तिथं निवडली गेली तर क्रीडा वसतिगृहात राहणं, जेवण, शिक्षण. नाही तर मुकादमाची जीप यायचीच होती, नि घरातली सगळी भिवंडीकडे वीटभट्टीवर जायची होती. त्यात प्रतिक्षाही.

भट्टीचं नाव निघालं की नवशी ताटावरून उठायची. तिची थोरली चैती भट्टीवरच गेली. ताडपत्रीच्या खोपीत, तापानं. आता नवशीच्या घरची एक रीत होती. कोयता असो, नांगर असो, नवं हत्यार आलं की चिमूटभर तांदूळ चिंधीत बांधून त्याला लावायचे. हत्यार आधी खातं, मग राबतं. चैती गेली त्या वर्षी विटा पाडायचा नवा साचा आला होता. नवशीच्या नवऱ्यानं, रोहिदासनं, तो घाईघाईत तसाच चिखलात घातला. "उपाशी हत्यार माणूस खातं," सासू म्हणायची. खाल्लं.

दिवाळीच्या आधी बाजाराला गेलेली नवशी क्लबात डोकावली. सरांनी रायफल शिकंज्यात आवळून बसवली होती नि एकेका डबीतले छर्रे मारून बघत होते.

"काय ओ सर, बंदुकीला ताप आलाय काय?"

"लाड चाललेत तिचे, ताई. हिला कुठल्या डबीतले छर्रे आवडतात ते शोधतोय. एका भोकातून सगळे गेले पाहिजेत."

"माझ्या नवऱ्यापेक्षा नखरेल दिसतीय."

प्रतिक्षा लाजली. "आये, गप ना!"

सरांना हवी ती डबी सापडली. मग त्यांनी बंदुकीखालच्या लाकडाचे स्क्रू मोजून मापून आवळले नि प्रत्येकावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. स्क्रू हलला तर ठिपका सरकणार, चोरी कळणार. शेवटी त्यांनी कागदाची पट्टी घेतली नि नळी आणि लाकूड यांच्यामधल्या फटीतून पुढून मागपर्यंत फिरवली.

"इथं कशाला फट ठेवली?" नवशीनं विचारलं.

"ही जागा लागतेच, ताई. हिच्याशिवाय नेम नाही." तेवढ्यात त्यांचा फोन वाजला नि ते बाहेर गेले.

नवशीला एकदम उजाडलं. म्हणजे सरांच्या बंदुकीलाही देवाची जागा आहे तर! शिकलेला माणूस, दाणे बांधायची लाज वाटत असेल. जागा मात्र सोडलीय बिचाऱ्यानं.

सुट्टीत रायफल पेटीतून घरी आली, नुसती धरून उभं राहायचा सराव करायला. प्रतिक्षा पाण्याला गेली तशी नवशीनं पेटी उघडली. चुलीवरच्या फळीवर वाळलेले तांदूळ घेतले, जुन्या लुगड्याच्या लाल काठाची चिंधी फाडली, पुरचुंडी केली, नि बांबूच्या काडीनं नळीखाली आत, दिसणार नाही अशी ढकलली. घट्ट बसली. "खा बाई," ती म्हणाली. "हिला खाऊ नको."

सुट्टीनंतर जव्हारला छर्रे वर नि डावीकडे जायला लागले. सरांनी स्क्रू बघितले. ठिपके जागच्या जागी. नेम धरायची भोकाची चकतीही घट्ट.

"सर, नळीखाली बघू का?"

"तिथं मी स्वतः कागद फिरवलाय, प्रतिक्षा. जीपमधे धक्का बसला असेल." त्यांनी चकतीवरचा नेम सरकवायचा काटा फिरवला नि छर्रे परत ठिपक्यात. सगळे खूश. नवशीला कळलं तेव्हा तिनं मनात म्हटलं, बघा, पोट भरलं तिचं.

मुंबईला मुलीबरोबर बाईमाणूस हवं म्हणून नवशी गेली. हॉल समुद्राला लागून. हवा अशी ओली, की खिशातली बिडी पेटवायला आधी तिला उन्हात वाळवावी लागेल. तिथं दोन दिवस मुक्काम झाला. चुलीवर वाळलेले तांदूळ त्या हवेत पाणी प्यायले नि फुगले. चिंधीनं नळी वर रेटली.

प्रतिक्षाचे पहिले छर्रे बरे गेले. मग एक उजवीकडे गेला. तिनं काटा फिरवला. पुढचा खाली. परत काटा. परत भलतीकडे. ती रायफल खाली ठेवून स्वतःच्या हाताकडे बघायची, जसा काही तो दुसऱ्या कोणाचा हात होता. मागच्या खुर्चीत नवशी ओठ हलवत होती: बरं झालं बांधलं ते, नाहीतर काय झालं असतं!

निवडलेल्यांची नावं वाचली गेली. प्रतिक्षाचं नव्हतं.

बाहेर चिंचेखाली सरांनी पेटी उघडली. नेलपॉलिश खरवडलं, स्क्रू काढले, लाकूड वेगळं केलं. लाल पुरचुंडी जमिनीवर पडली. चिंधी फाटून ओले, फुगीर दाणे बाहेर आले होते.

"हे काय आहे?" सर हळू आवाजात म्हणाले. मग ओरडले. "हे कोणी घातलं?"

लाल काठ प्रतिक्षानं ओळखला. त्याच काठाच्या गोधडीत ती आणि चैती झोपायच्या.

"मी," ती म्हणाली.

"तू? तुला फट कशासाठी असते ते शिकवलंय मी! नळी कुठंही टेकली की संपलं, हे तुझ्याकडून पाठ करून घेतलंय!"

"देवासाठी घातलं, सर."

सरांनी स्क्रू गोळा केले. मग सगळं पेटीत भरलं, कुलूप लावलं. "आता क्लबात येऊ नकोस," ते म्हणाले.

मोखाड्याच्या जीपमधे मायलेकी मागच्या बाकावर बसल्या. घाट लागला तेव्हा नवशीला बोलता आलं.

"खोटं का बोललीस गं?"

"तुला काय काय बोलले असते ते. अडाणी, जंगली. मला ऐकवलं नसतं."

नवशीनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. प्रतिक्षानं तो उचलून परत आईच्या मांडीवर ठेवला, भांडं जागेवर ठेवतात तसा.

"आता माझ्याशी बोलू नको, आये."

आठवड्यात मुकादमाची जीप आली. प्रतिक्षा बोचकं घेऊन चढली, कोणी सांगायच्या आधी.

भट्टीवर तिच्या विटांच्या ओळी अशा सरळ, की दोरी लाजून वाकडी व्हावी. एक डोळा मिटून बघायची, मग वीट पाडायची. मुकादम रोहिदासला म्हणाला, "पोरगी कामाची हाय तुझी." रोहिदास हसला. त्याला हसावं लागलं.

मग एक दिवस साचा मोडला नि नवा आला. नवशीनं तो हातात घेतला. कमरेला तांदूळ होते, चिंधीही होती. तांदूळ मुठीत घेतले, पण मूठ उघडेना. बांधावं तर चिंचेखालची पुरचुंडी दिसायची. न बांधावं तर ताडपत्रीखालची चैती.

प्रतिक्षा चिखल तुडवत होती. घरून निघाल्यापासून पहिल्यांदा ती आपणहून बोलली.

"बांध ना, आये. इथं नेम कुठं धरायचाय?"

नवशीनं बांधलं. प्रतिक्षानं साचा तिच्या हातातून घेतला नि चिखलात घातला.