मयतकाकांचं जिवंत काम

मयतकाका पडद्यावर चारशेच्या वर वेळा मेले होते. हा आकडा त्यांचा स्वतःचा, त्यामुळे तो थोडा फुगवलेला असणार. पण मरण्यात त्यांचा हात धरणारा डबिंगच्या धंद्यात कोणी नाही, हे त्यांच्यावर जळणारेही कबूल करत. परदेशी सिनेमा आपल्या भाषेत आणायचा म्हटलं की नायकाला आवाज द्यायला ही रांग लागते. नायकाने ज्याला गच्चीवरून ढकललं, त्याला मात्र कोणी वाली नसतो. तिथे काकांना बोलावलं जाई. काका माइकसमोर उभे राहत, पोट आत घेत आणि असे काही किंचाळत की काचेपलीकडच्या रेकॉर्डिस्टच्या हातातला कप हिंदकळे.

पडतानाची किंकाळी वेगळी, बुडतानाची वेगळी, आणि पाठीत सुरा बसला तर किंकाळी नाहीच, नुसता आश्चर्याचा उद्गार, असं त्यांचं शास्त्र होतं. हे शास्त्र ते पाहुण्यांना ऐन जेवताना ऐकवत, त्यामुळे पाहुणे कमी येत. स्टुडिओत त्यांचं खरं नाव कोणाला ठाऊक नव्हतं. "मयत आले का?" असं दारातून विचारलं जाई. "आलेत, गुळण्या करतायत," असं आतून उत्तर येई. कोणाला त्यात काही वावगं वाटत नसे.

"चारशे वेळा विधवा झाले मी," त्यांची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. "एकदाही माझ्या डोळ्यांतून टिपूस काढलं नाही ह्या माणसाने."

पण गेल्या वर्षभरात मरणाला मंदी आली होती. स्टुडिओने काकांच्या जुन्या किंकाळ्या कॉम्प्युटरमध्ये साठवून ठेवल्या होत्या. हवी ती उचलायची आणि हवी तिथे चिकटवायची. परवा एका सिनेमात काका कड्यावरून कोसळले, तेव्हा ते प्रत्यक्षात घरी पाय पसरून पेपर वाचत होते. स्वतःच्याच किंकाळीने आपल्या पोटावर पाय द्यावा, याला काय म्हणावं? काकांनी जे म्हटलं ते इथे छापण्यासारखं नाही.

अशात डबिंगच्या दिग्दर्शिकाबाईंचा फोन आला. जपानी ॲनिमेशनचा सिनेमा होता. युद्ध, विमानं, अठरा-एकोणीस वर्षांची वैमानिक पोरं.

"किती पोरं?" काकांनी विचारलं.

"चौदा."

"आणि राहतात किती?"

"तीन," बाई म्हणाल्या.

काकांना घबाड सापडल्यासारखं झालं. अकरा मरणं, आणि तीही तरुण, नवीकोरी! जुन्या साठ्यातली एकही किंकाळी इथे चालायची नाही, कारण त्या सगळ्या पन्नाशीतल्या दरोडेखोरांच्या होत्या. त्या आनंदात पुढचं काही न ऐकता त्यांनी फोन ठेवला आणि नातीला हाक मारली.

नात बारा वर्षांची होती आणि आजोबांच्या कलेने पोळलेली होती. मागच्या खेपेला ती दोन मैत्रिणींना घेऊन सिनेमाला गेली होती. "आता ऐका हं!" काका अंधारात म्हणाले, आणि पडद्यावर एक जाडा समुद्री चाचा जहाजावरून पाण्यात पडला. "बस? एवढंच?" मैत्रिणींनी विचारलं होतं. त्यानंतर महिनाभर वर्गात नातीला पाहिलं की कोणीतरी 'आऽऽ डुबुक' करायचं.

"ह्या वेळी कोण आहात तुम्ही?" तिने संशयाने विचारलं.

"वैमानिक!"

"खरंच? एक अख्खा वैमानिक?"

"अकरा," काकांनी ठोकून दिलं.

दुसऱ्या दिवशी ही बातमी सगळ्या वर्गात झाली. ज्यांनी 'डुबुक' केलं होतं त्या पाचजणींना नातीने स्वतःहून सिनेमाचं आमंत्रण दिलं.

काकांनी पाच दिवस न्हाणीघरात तालीम केली. अकरा पोरं, अकरा तऱ्हा. एक आईला हाक मारणारा, एक शिव्या घालणारा, एक नुसता हुंदका देणारा. शेजारीण घाबरून दार वाजवायला आली, तेव्हा बायकोने कांदा चिरता चिरताच सांगितलं, "काही नाही हो, सातवा जातोय. अजून चार आहेत, मग शांत होईल."

स्टुडिओत बाईंनी काकांना पाहिलं आणि आधी खुर्ची पुढे केली. तिथेच काकांनी ओळखलं. चांगली बातमी द्यायला कोणी खुर्ची देत नाही.

"काका, त्या दिवशी तुम्ही फोन ठेवलात. सिनेमा बनवणाऱ्यांचा कागद आलाय. एकही वैमानिक ओरडत नाही."

"ओरडत नाही म्हणजे? विमान पेटतं ना?"

"पेटतं."

"पडतं?"

"पडतं."

"मग गपगुमान मरतात? पोरं आहेत की योगी?"

"बोलता बोलता रेडिओ बंद पडतो, काका. वाक्य अर्धं राहतं. बस, तेवढंच. आणि ती वाक्यं त्या त्या पोराला आवाज देणाऱ्यांनी म्हटलीसुद्धा."

काका खुर्चीत बसले ते बसलेच. अकराच्या अकरा गेले होते, आणि तेही ह्यांना न विचारता. रिकाम्या हाताने घरी जाऊन नातीला काय सांगायचं? पाचजणी येणार होत्या.

"तुमच्यासाठी दुसरं काम आहे," बाई म्हणाल्या. "विमानांचा मिस्त्री."

"कसा मरतो?"

"मरत नाही."

काका हबकले. जिवंत माणसाचा त्यांना अनुभव नव्हता.

मिस्त्री म्हणजे एक खडूस म्हातारा होता. सगळ्यात धाकट्या वैमानिकाच्या विमानात काहीतरी कुईकुई वाजायचं, आणि हा अख्खा सिनेमाभर तो आवाज शोधायचा. चाक खोल, आसन काढ, पाना फेकून मार. सापडायचं नाही. पोरगा बाजूला उभा राहून दात काढायचा. मिस्त्रीला बोलणं असं नव्हतंच, नुसतं 'हूं', 'च्' आणि परतलेली विमानं मोजणं. हे काकांनी तासाभरात उरकलं. घोडं अडलं ते शेवटच्या प्रसंगाला.

मिस्त्री रेडिओच्या खोलीत कानाला हेडफोन लावून पाठमोरा बसलाय. वरून धाकटा बोलतो, "मिस्त्रीकाका, रागावू नका हं. ती कुईकुई आहे ना, ती विमानाची नाहीच. ती मी—"

आणि खरखर.

त्यापुढे कागदावर मिस्त्रीसाठी तीनच शब्द होते. तेही कंसात: मिस्त्री ऐकत राहतो.

"हे कसं करायचं?" काकांनी विचारलं.

"ऐकायचं," बाई म्हणाल्या.

पहिल्या टेकला काकांनी उसासा टाकला. दुसऱ्याला हुंदका. पाचव्याला ते छाती धरून खाली बसले, माइकला दिसत नाही हे ठाऊक असूनही. नवव्याला त्यांनी, इतकी तालीम केली आहे तर वाया का घालवा म्हणून, आईला हाक मारणारा काढला.

"काका, हा मेलेला नाही. हा ऐकतोय."

"ऐकतोच आहे की!"

"वाक्य कुठे तुटतं ते तुम्हाला पाठ झालंय. पोरगा बोलत असतानाच तुम्ही त्याचं सुतक धरताय."

सतरा टेक झाले. रेकॉर्डिस्टने चष्मा काढून डोळे चोळले. साठ्यातला एखादा उसासा चिकटवू का, असं त्याने हळूच विचारलं, आणि त्याच्यापुढचा माइक चालू असल्याने ते काकांना स्पष्ट ऐकू आलं. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. एवढंसं जिवंत काम, तेही आता कॉम्प्युटर करणार. लाज वाटली त्यांना, खरीखुरी लाज. चारशे माणसं मारली, आणि एकाला दोन मिनिटं जगवता येत नाही.

बाईंनी सगळ्यांना दहा मिनिटं सुट्टी दिली. काका पाणी प्यायले, पण माइकपासून हलले नाहीत. बाई परतल्या आणि सहज बोलावं तशा म्हणाल्या, "काका, एक गंमत. त्या पोराचं पुढचं वाक्य आलंय. आधी कापलं होतं, आता ठेवायचंय."

"पुढचं? म्हणजे ती कुईकुई कसली ते कळतं?"

"कळतं ना. ऐका, मग आपण पुन्हा घेऊ."

खरं सांगायचं तर सकाळपासून काकांना दुसरं काही सुचतच नव्हतं. चाक नाही, आसन नाही, मग कार्ट्याने लपवलं होतं तरी काय? त्यांनी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबले.

"मिस्त्रीकाका, रागावू नका हं," पोरगा म्हणाला. त्याच्या आवाजात हसू होतं. "ती कुईकुई आहे ना, ती विमानाची नाहीच. ती मी—"

खरखर.

काका थांबले. येईल आता. त्यांनी मान थोडी तिरकी केली, श्वास धरला.

खरखर.

"हं?" काका म्हणाले.

अगदी हळू म्हणाले, समोर बसलेल्या माणसाला म्हणावं तसं. मग आणखी थांबले. कितीतरी वेळ थांबले. शेवटी मान वर केली, तेव्हा माइकवरचा रेकॉर्डिंगचा लाल दिवा चालू होता, आणि काचेपलीकडे बाई त्यांच्याकडे न बघता नाक पुसत होत्या.

"फसवलंत मला," काका म्हणाले.

"हो," बाई म्हणाल्या. "झालं काम. घरी जा."

घरी जाऊन काकांनी नातीला खरं ते सांगितलं. आपण वैमानिक नाही, एकसुद्धा नाही, विमान दुरुस्त करणारा म्हातारा आहोत. आणि बोलणं? फारसं नाही. नात दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. आमंत्रण मागे घ्यायची सोय नव्हती, म्हणून सिनेमा लागला तेव्हा आली, पण पाचजणींना घेऊन पुढच्या रांगेत बसली. आजोबांशी आपला काही संबंध नाही असं तिच्या वेणीवरूनसुद्धा कळत होतं.

मिस्त्रीने पहिल्यांदा पाना फेकून मारला तेव्हा पाचजणी हसल्या. नात हसली नाही. तिसऱ्यांदा आसन उचकटलं तेव्हा तीही हसली. 'आता ऐका हं' असं ह्या वेळी काका काही म्हणाले नाहीत. त्यांची पाचावर धारण बसली होती.

मग ती खोली आली, ती पाठमोरी मान आली. पोरगा हसत बोलला आणि तुटला. खरखर सुरू झाली.

"हं?" मिस्त्री म्हणाला.

थिएटरात कोणी पाकीट चुरगाळलं नाही, कोणी खोकलं नाही. काकांच्या शेजारी बायकोने पदर नाकाला लावला.

"रडतेस की काय?" काका कुजबुजले.

"सर्दी झालीय. एसी केवढा लावलाय मेल्यांनी."

पुढच्या रांगेतून नात वळली. गुडघे टेकून, खुर्चीच्या पाठीवरून तिने तोंड आजोबांजवळ आणलं. गाल ओले होते आणि ते पुसायचं तिच्या ध्यानात नव्हतं.

"आजोबा," तिने विचारलं, "मग तो आवाज कसला होता?"

"तेच तर विचारलं गं मी," काका म्हणाले.