‘खोट’वरचं टिंब

हे कोणाला खरं वाटणार नाही. पण रायपूरच्या चौबे कॉलोनीत राहणाऱ्या गंगाधररावांवर, म्हणजे निवृत्त रेल्वे गार्डावर, एका रविवारी अशी पाळी आली, की त्यांना तोंडावर “खोटं!” म्हणणारा एक माणूस हवा होता, आणि तो काही केल्या मिळेना.

एरवी असल्या माणसांची त्यांना ददात नव्हती. बागेत त्यांनी “एकदा काय झालं” म्हटलं, की बाकावरची मंडळी उठून दुसऱ्या बाकावर जायची. म्हणूनच नात देवश्रीने घरातल्या जेवणाच्या टेबलावर मित्रांबरोबर तो खेळ मांडला, तेव्हा त्यांनी चौथी खुर्ची ओढली ती सोडलीच नाही. वीस बाजूंचे फासे, कागदावरची पात्रं, राक्षस, किल्ले, आणि सगळ्यांनी मिळून रचत न्यायची गोष्ट! तीन तास कोणी उठून जात नव्हतं. म्हातारपणी आणखी काय लागतं?

देवश्री खेळाची पंच. तिचा नियम असा, की प्रत्येक पात्रात एक खोट हवी. खोट घेतली की पाच गुण जास्त, पण ती खेळात चावली, म्हणजे नडली पाहिजे. तिची मैत्रीण मोनालीने लिहिलं, ‘जरूरत से ज्यादा दयालु’. देवश्रीने कागद परत केला. “ही खोट नाही, शादीचा बायोडाटा आहे.” बीरगांवच्या शिशिरने पाण्याची भीती घेतली, पाच गुण खिशात टाकले आणि दिसेल त्या नदीला वळसा घालू लागला. पुढच्या रविवारी देवश्रीने अख्खा किल्लाच तळ्याच्या मधोमध नेऊन ठेवला.

आजोबांसाठी तिने कागद मराठीत केला. पोट्टी हिंदी शाळेतली, तरी रकान्यावर ‘खोट’ असं अगदी बरोबर लिहिलं. गंगाधररावांनी चष्मा पुसला, पेन घेतलं आणि वर एक टिंब दिलं.

“अनुस्वार राहिला होता तुझा.”

“आजोबा, खोट म्हणजे कमी! ऐब!”

“मले मराठी शिकवून राहिली का? इथं ‘खोटं’ लिहिलं आहे. मी खोटंच भरतो.”

नातही त्याच रक्ताची. तिने त्या टिंबाचाही तोल साधला. कागदावर लिहिलं: या पात्राने थाप मारली की समोरच्याला ती खरी वाटेल, पण ऐकणाऱ्यांपैकी कोणीही मोठ्याने ‘खोटं’ म्हटलं, तर याची वाचा पुढच्या रविवारपर्यंत बंद. आणि त्याखाली सगळ्यांना लागू असलेला नियम: तीन रविवारांत खोट एकदाही चावली नाही, तर पात्र बाद, खुर्ची रिकामी. शंकर नगरची सोनिया त्या खुर्चीवर महिनाभर डोळा ठेवून होती.

पहिले दोन रविवार गंगाधररावांनी राक्षसांना असं काही गुंडाळलं, की मोनाली आणि शिशिरला फासा टाकायचंही काम उरलं नाही. फुकटात किल्ले मिळत असताना आपल्याच माणसाला खोटं कोण म्हणेल?

तिसऱ्या रविवारी साडेचारला देवश्रीने घड्याळ दाखवलं. “आजोबा, पाच वाजेपर्यंत. आजोबा म्हणून सूट नाही.”

समोर खजिन्याचं दार होतं आणि दारावर राक्षस. गंगाधररावांनी ठेवणीतली थाप काढली. “राक्षसभाऊ, महानदीला पूर होता. पूल वाहून गेला होता. मी बेचाळीस डब्यांची मालगाडी पाण्यावरून नेली. मगरी रुळांखालच्या स्लीपरसारख्या आडव्या झोपल्या होत्या, बाप्पा!”

त्यांनी आशेने शिशिरकडे पाहिलं.

“हो सकता है, दादाजी,” शिशिर म्हणाला. “पुराने इंजन सॉलिड होते थे.”

“बीरगांवचा एक मच्छर मले चावला. तेव्हापासून होकायंत्र माझ्याकडंच तोंड करून राहते.”

“ये तो सच है. मेरे को भी काटा है.”

“अरे पोट्ट्या, काहून सच आहे?” गंगाधरराव कळवळले. “मोनाली, बेटा, तुले तरी हे पटते का?”

“दादाजी, आप बोलते रहो, दरवाजा खुल रहा है!”

जन्मभर ज्याचं खरंसुद्धा कोणी मानलं नाही, त्याची आज एक थाप खाली पडत नव्हती. देवश्रीकडे पाहिलं, तर ती म्हणाली, “मी पंच. ऐकणाऱ्यांत नाही.”

पाचला तीन मिनिटं उरली. स्वयंपाकघरात त्यांची बायको गोदावरीबाई तांदळाच्या उकडलेल्या फऱ्यांना फोडणी देत होत्या. चव्वेचाळीस वर्षं या बाईंनी सगळ्या थापा ऐकल्या होत्या. चारचौघांत कोणी विचारलंच, तर “हे सांगतात म्हणजे असेल”, यापुढे त्या कधी गेल्या नव्हत्या. आता आत गॅस बंद झाल्याचा आवाज आला.

देवश्रीने राक्षसाचा घोगरा आवाज काढला. “ए बुढ्ढ्या! एवढं मोठं बोलतोस, घरी कोण आहे तुझ्या?”

गंगाधररावांची पोतडी रिकामी झाली होती. नजर आपल्या खुर्चीच्या हातावर होती. जे जिभेवर आलं ते बोलले.

“बायको आहे. तिले कधी तोशीस नाही देत मी. सकाळचा चहा, रोज, मीच करतो.”

“मग?” राक्षसाने विचारलं. “दार उघडू?”

“खोटं!”

चौघांनी माना वळवल्या. दारात गोदावरीबाई उभ्या होत्या, हातात झारा, आणि नजर भिंतीवरच्या घड्याळावर.

“साफ खोटं! अहो, रोज चहा करता ना? मग साखरेचा डबा कुठं राहते, सांगा बरं!”